दोन धातूंची जोडी

शेतात टाकलेल्या युरियाचे अमोनियात रूपांतर करते ते युरिएज हे एन्झाइम. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये अबईच्या जवळच्या जातीच्या बियांतून त्याचे स्फटिक मिळवले आणि एन्झाइम हे प्रथिन असते हे दाखवून दिले. पण त्यात निकेल आहे हे कळायला १९७५ उजाडले. जवळजवळ पन्नास वर्षे हा धातू सर्वांच्या नजरेतून सुटला होता!

निकेलचे दोन आयन युरिएजमध्ये सुमारे ०.३५ नॅनोमीटर अंतरावर बसलेले असतात. एक युरियाचा ऑक्सिजन धरतो, दुसरा पाण्याला हल्ल्यासाठी सज्ज करतो. एकट्याने हे साधत नाही. प्रयोगशाळेतही मासाकात्सु शिबासाकी यांनी १९९२ पासून लॅन्थनम आणि लिथियम यांना उत्प्रेरक म्हणून असेच एकत्र राबवले.

आपल्याकडच्या रसायनशास्त्राच्या अध्यापनात उत्प्रेरक बहुधा एकटाच काम करताना दिसतो. हे चित्र अपुरे आहे, असे आम्हाला ठामपणे वाटते; म्हणून हा अंक जोडधातूंना दिला आहे. शेतकऱ्यांनी युरिएज रोधकांवरचा लेख अवश्य वाचावा: अमोनिया हवेत उडून खत वाया जाणे थांबवायचे, तर याच दोन निकेलना अडवावे लागते.