जुन्या तबकड्या : उशिरा आलेली दाद



गेल्या महिन्यात आम्ही चॅरिटी शॉपमध्ये कपबश्या बघायला गेलो आणि एक एल.पी. घेऊन परतलो. 'ओडेसी अँड ओरॅकल', बँड 'द झोम्बीज'. आम्ही या देशात आलो १९६७ साली, आणि ही गाणी ध्वनिमुद्रित झाली तीही त्याच वर्षी! बीटल्स, स्टोन्स ही नावं तेव्हा कामावरच्या मुलांकडून कानावर यायची. हे नाव मात्र कधी ऐकलं नव्हतं. घरी आमच्या लताबाई आणि बाबूजी वाजायचे.

ही सेंट ऑल्बन्सकडची पाच पोरं. १९६४ मध्ये त्यांचं 'शीज नॉट देअर' अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, इथे बाराव्या. पुढे इथे कोणी फारसं विचारलं नाही. तरी १९६७ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्यांनी ही तबकडी जीव ओतून केली. स्टिरिओ प्रतीचा खर्च रॉड आर्जेंट आणि ख्रिस व्हाइट यांनी स्वतःच्या खिशातून केला. मुखपृष्ठावर 'ओडेसी'चं स्पेलिंग चुकलं, ते तसंच राहिलं!

तबकडी १९६८ मध्ये बाजारात आली, तोवर बँड मोडला होता. गायक कॉलिन ब्लन्स्टन विम्याच्या कचेरीत नोकरीला लागला. आणि १९६९ मध्ये याच तबकडीतलं शेवटचं गाणं, 'टाइम ऑफ द सीझन', अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर! गाणं गाजतंय आणि गाणारे पांगलेले. ही अख्खी तबकडी त्यांनी मंचावर वाजवली ती थेट २००८ मध्ये, लंडनच्या शेपर्ड्स बुशला. गिटारवाला पॉल अ‍ॅटकिन्सन तोवर गेला होता.

विम्याच्या कचेरीपाशी आम्ही जरा अडखळलो. आमच्या माळ्यावर एक हार्मोनियम आहे. नोकरी, मुलं, घराचे हप्ते, यांत ती १९७४ पासून उघडलीच नव्हती. गेल्या रविवारी खाली काढली. दोन सूर मुके झालेत, भाता गळतो, पण बाकीची बोलते.

तुमच्याही माळ्यावर काहीबाही असेलच. पुढच्या संमेलनाला घेऊन या. तबकडी आम्ही आणतो, चहा मंडळाचा. ऐकायला कोणी नाही म्हणून मात्र थांबू नका.