सहा दिवसांत न मावणारी फुलांची दरी

उत्तराखंडमधील ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ राष्ट्रीय उद्यानाचे द्वार दर वर्षी १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. कागदोपत्री हंगाम पाच महिन्यांचा असला, तरी फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच असतो. मुंबई-पुण्याचे भटके नेमके याच काळात, त्यातही पंधरा ऑगस्टला जोडून येणाऱ्या सुट्या साधून, तिकडे वळतात. चमोली जिल्ह्यात पाऊसही याच आठवड्यांत सर्वाधिक कोसळतो. बहराचा आणि दरडींचा हंगाम एकच आहे, ही या सहलीची मूळ अडचण. नियोजन करताना मात्र तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

बाजारात मिळणारा सर्वसाधारण कार्यक्रम सहा दिवसांचा असतो. पहिल्या दिवशी हरिद्वार किंवा ऋषिकेशहून जोशीमठ परिसर गाठायचा, दुसऱ्या दिवशी घांघरियापर्यंत चालत जायचे, तिसऱ्या दिवशी दरी, चौथ्या दिवशी हेमकुंड साहिब, पाचव्या दिवशी खाली उतरून जमल्यास बद्रीनाथ आणि सहाव्या दिवशी पुन्हा मैदानात. सातव्या दिवशी दिल्ली वा डेहराडूनहून परतीचे विमान. आखणी देखणी आहे. पण तिच्यात एकही दिवस मोकळा नाही.

सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्याला पाऊस नवा नसतो. राजमाची किंवा हरिश्चंद्रगडाच्या अनुभवावर तो रेनकोट, बूट, काठी अशी तयारी चोख करतो. परंतु येथे धोका पायवाटेपेक्षा मोटाररस्त्यावर अधिक आहे. ऋषिकेश ते गोविंदघाट हे अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, आणि तो बहुतांश प्रवास अलकनंदेच्या खोऱ्यातून, कापलेल्या डोंगराच्या कडेने. श्रीनगर-रुद्रप्रयाग दरम्यानचा सिरोबगड हा टापू दरडींसाठी वर्षानुवर्षे कुख्यात आहे. बद्रीनाथ कार्यक्रमात घातले, की गोविंदघाटच्या पुढचा लामबगडही वाट्याला येतो. चारधाम प्रकल्पात हा रस्ता रुंद झाला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षणाच्या गरजेचा विचार करून ऋषिकेश-माणा मार्गासह तीन महामार्गांच्या दुपदरी रुंदीकरणाला परवानगी दिली. प्रवासाचे तास त्यामुळे घटले. मात्र रुंदीसाठी उभे कापलेले उतार पावसात किती तग धरतील, हा भूवैज्ञानिकांनी वारंवार उपस्थित केलेला प्रश्न रस्ता चकचकीत झाल्याने सुटलेला नाही.

गेल्या काही वर्षांचा घटनाक्रमच पुरेसा बोलका आहे. जून २०१३ च्या महापुरात गोविंदघाट-घांघरिया मार्ग वाहून गेला व भ्यूंडार खोऱ्यातील वस्तीची मोठी हानी झाली. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठमधील शेकडो घरांना तडे गेले. हे शहर जुन्या दरडीच्या भरावावर वसले असल्याचा इशारा मिश्रा समितीने १९७६ मध्येच देऊन ठेवला होता. ५ मार्च २०२५ रोजी गोविंदघाट येथील अलकनंदेवरचा पूल दरड कोसळून जमीनदोस्त झाला आणि हेमकुंडची यात्रा सुरू होण्याआधी तेथे घाईने बेली पूल उभारावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उत्तरकाशीतील धराली, तर त्यानंतर चमोलीतीलच थराली येथे आपत्ती ओढवली. धरालीच्या वेळी महाराष्ट्रातील अनेक पर्यटकही त्या भागात अडकून पडले होते.

उद्यानाचे स्वतःचे नियमही वेळापत्रक आवळतात. साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटरच्या या दरीत मुक्कामाला पूर्ण मनाई आहे. सकाळी घांघरियाहून निघायचे, दुपारनंतर प्रवेश बंद, आणि संध्याकाळपूर्वी सर्वांनी बाहेर पडायचे. दरीतील कुरणापर्यंत तीन-चार किलोमीटरची चढण, पुढे आत हिंडणे आणि तेवढेच परतणे. दिवस त्यातच संपतो. तो एक दिवस धुक्यात वा मुसळधार पावसात गेला, तर आठवडाभराचा खटाटोप पांढऱ्या पडद्यापुढे उभे राहण्यासाठी केला असे होते. घांघरियात तीनऐवजी चार रात्री ठेवल्या, तर दरी पुन्हा पाहता येते. शिवाय हेमकुंड चार हजार तीनशे मीटरच्या आसपास आहे. समुद्रसपाटीवरून निघून चौथ्याच दिवशी तेथे पोहोचणाऱ्यांना विरळ हवेचा त्रास होतो; मधला एक दिवस तेथेही कामी येतो. हेमकुंडसाठी चारधाम यात्रेप्रमाणेच आगाऊ नोंदणी लागते, हे अनेकांना ऋषिकेशला पोहोचल्यावर कळते.

बहराविषयीही थोडे सैल धोरण पत्करण्यास हरकत नाही. फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये कामेट शिखर सर करून परतताना या दरीत उतरला आणि त्याच्या पुस्तकाने ती जगाला ठाऊक झाली. (स्थानिक पशुपालकांना ती आधीपासून ठाऊक होतीच.) तेव्हापासून ‘एकाच वेळी सर्व फुले’ अशी एक प्रतिमा रूढ झाली आहे. प्रत्यक्षात येथील पाचशेहून अधिक वनस्पती पाळीपाळीने फुलतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात तेरड्याचे हिमालयी भाऊबंद उतार गुलाबी करतात. कासच्या पठारावर तेरडा पाहिलेल्यांना ओळख पटावी. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात फुले विरळ होतात, पण सामान्यतः पाऊस ओसरू लागलेला असतो. १९८२ मध्ये उद्यान घोषित होऊन चराई थांबल्यानंतर पॉलिगोनम या उंच वाढणाऱ्या वनस्पतीने बराच भाग व्यापला. ती उपटण्याचे काम वन विभागाला करावे लागते. त्यामुळे जुन्या छायाचित्रांतली दरी तशीच दिसेल, ही अपेक्षाही बाजूला ठेवलेली बरी.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि खरे नियोजन तेथेच अडते. रस्ता बंद झाल्यास वाढीव मुक्कामाचा, नव्या तिकिटाचा, थांबलेल्या गाडीच्या भाड्याचा भार कोणी सोसायचा, याचे उत्तर बहुतेक माहितीपत्रकांत ‘नैसर्गिक आपत्तीस आयोजक जबाबदार नाहीत’ या एका ओळीत असते. म्हणजे भार प्रवाशावर. त्यात जोखीम अशी, की तिकीट बुडू नये म्हणून प्रवासी चालकाला रात्री, पावसात गाडी काढायला भाग पाडतात. दोन मोकळे दिवस, तारीख बदलता येणारे परतीचे तिकीट आणि जोशीमठ एका दमात न गाठता रुद्रप्रयाग किंवा पिपळकोटीला मुक्काम, एवढा बदल खर्च वाढवतो हे खरे. नोकरदारांना आठऐवजी दहा दिवसांची रजा मिळणे सोपे नाही, हेही खरे. ज्यांना ती मिळत नाही, त्यांनी बद्रीनाथ किंवा हेमकुंड यांपैकी एकावर पाणी सोडावे आणि वाचलेला दिवस परतीच्या रस्त्यासाठी राखून ठेवावा.