पाय उचलून धरणारी दया

यवतमाळ जिल्ह्यातील बाजारगावांत दुकान उघडण्यापूर्वी पारव्यांना मूठभर ज्वारी टाकण्याची रीत अनेक जैन घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. मागील अंगणातील कडुलिंबावरून खार उतरते, शेंगदाणा दोन्ही पंजांत धरून कुरतडते आणि घरातील मुले श्वास रोखून तिच्याकडे पाहत राहतात. घरट्यातून पडलेले पिल्लू सापडले की कापसाच्या बोळ्याने दूध पाजण्यासाठी सारे घर धावते. मनाचे हे कोवळेपण मोलाचे आहे. जीवदयेचा पहिला धडा बालमनाला बहुधा खारीकडूनच मिळतो.

परंतु याच जिल्ह्याने त्या दयेची एक कठीण परीक्षाही पाहिली आहे.

पांढरकवडा आणि राळेगाव परिसरात 2016 ते 2018 या काळात वाघाच्या हल्ल्यांत 13 माणसे मृत्युमुखी पडल्याचे सांगितले गेले. मृतांमध्ये बहुतेक शेतकरी, शेतमजूर आणि गुराखी होते. वनखात्याच्या दप्तरी ‘टी-1’ अशी नोंद असलेल्या वाघिणीवर संशय आला. प्राणिप्रेमींनी तिला ‘अवनी’ हे नाव दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि सप्टेंबर 2018 मध्ये न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. कॅमेरे, ड्रोन आणि हत्ती यांच्या साहाय्याने शोध सुरू झाला. शोधासाठी आणलेला एक हत्ती तळावरून निसटला आणि त्याच्या हल्ल्यात चहांद येथील एका महिलेचा जीव गेला. अखेर 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात वाघीण गोळीने मारली गेली. तिच्यामागे सुमारे दहा महिन्यांचे दोन बछडे उरले.

दुसऱ्या दिवशी याच घटनेची दोन चित्रे देशाने पाहिली. गावांत फटाके वाजले, पेढे वाटले गेले. शहरांत शोक व्यक्त झाला, निदर्शने झाली, तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी राज्याच्या वनमंत्र्यांवर जाहीर टीका केली. बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला होता का, पशुवैद्यक जागेवर का नव्हते, हे प्रश्न योग्यच होते आणि त्यांची चौकशीही झाली. मात्र शोक करणाऱ्यांना फटाके वाजविणारे क्रूर वाटले, तर फटाके वाजविणाऱ्यांना शोक करणारे ढोंगी वाटले. संध्याकाळी पाच वाजताच दार लावून घेणारी, कापूस वेचायला एकटी जाण्यास धजत नसणारी स्त्री शहराला दिसली नाही. आणि आपल्या बछड्यांसाठी शिकार करणारी माता गावाला दिसली नाही.

त्या दोन बछड्यांपैकी मादी 22 डिसेंबर 2018 रोजी पकडण्यात आली व तिला पेंच येथे नेण्यात आले. मार्च 2021 मध्ये तिला जंगलात सोडले आणि थोड्याच दिवसांत दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीतील जखमांनी ती मेली. तिच्यासाठी मोर्चा निघाला नाही. पुढच्याच महिन्यात, एप्रिल 2021 मध्ये, मुकुटबन वनपरिक्षेत्रात एक गर्भवती वाघीण गुहेत मृतावस्थेत सापडली. गुहेच्या तोंडाशी जाळ केलेला होता, तिचे पुढचे पंजे तोडून नेले होते. महामारीच्या त्या दिवसांत ही बातमीही लवकरच मागे पडली. ज्या वाघिणीला नाव मिळाले तिच्यासाठी देश रडला. निनावी वाघिणीच्या वाट्याला शोकही तोकडा आला.

ज्ञाताधर्मकथेतील मेघकुमाराची कथा जैन घरांना परिचित आहे. पूर्वभवात तो हत्ती होता. वणव्यापासून वाचण्यासाठी साऱ्या पशूंनी एका मोकळ्या जागेत दाटीवाटीने आसरा घेतला. अंग खाजविण्यासाठी हत्तीने पाय उचलला आणि तेवढ्यात एक ससा त्या रिकाम्या जागेत येऊन बसला. हत्तीने अडीच दिवस पाय खाली टेकविला नाही. वणवा शमला, ससा निघून गेला. ताठरलेला पाय मात्र टेकवता आला नाही, हत्ती कोसळला आणि पुढे त्यातच त्याचा अंत झाला. ससा गोजिरवाणा होता की नाही, हे कथा सांगत नाही. हत्तीने स्वतःचे काय सोसले, एवढेच ती सांगते. खारीला शेंगदाणा देताना देणाऱ्याचे काही जात नाही; म्हणून ती दयेची सुरुवात होय, परिपूर्ती नव्हे.

व्यापारी श्रावकाने कोणता पाय उचलून धरावा, याचे उत्तर त्याच्या दुकानातच आहे. रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी काही शेतकरी कुंपणाच्या तारेत थेट विजेचा प्रवाह सोडतात. त्या तारेला शिवणारे हरीण मरते, वाघ मरतो आणि कधी रात्री ओलिताला गेलेला शेजारीही मरतो. शिकारीचे फास तर साध्या तारेचेच असतात. तार विकणे हा दोष नव्हे. परंतु कशासाठी नेली जात आहे हे ठाऊक असूनही गल्ल्याकडेच पाहणे हा दोष आहे. श्रावकाला वर्ज्य ठरविलेल्या पंधरा कर्मादानांत विषाचा, दातांचा व्यापार आणि वणवा लावणे यांचा समावेश आहे, तो याच जाणिवेतून.

नुसती मनाई पुरेशी नाही, कारण एका रात्रीत उभे पीक गमावणारा शेतकरीही जीवच आहे. सौर कुंपणाचा क्षणिक झटका जनावराला परतवतो, मारत नाही. राज्य शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत त्यासाठी अनुदानाची तरतूद आहे. मात्र उरलेली रक्कम उभी करणे लहान शेतकऱ्याला जड जाते. बियाणे व खत उधारीवर देणाऱ्या पेढीने तेवढी रक्कम बिनव्याजी दिली, अर्ज भरून देण्यास घरातील शिकलेल्या मुलाला बसविले, तर एका शेतातील प्राणघातक तार निघते. पर्युषणातील जीवदयेच्या निधीतून पांजरापोळाला चारा जातो, तसा त्याचा एक वाटा या कुंपणासाठीही निघू शकतो.

आणि खार? तिला पिंजऱ्यात ठेवून लाड करणे हीदेखील दया नव्हे. अहिंसाव्रताच्या अतिचारांत बंध हा पहिला आहे. पडलेले पिल्लू उबेत ठेवावे, त्याची आई न्यायला येते का ते दुरून पाहावे, न आल्यास जाणकाराच्या हाती द्यावे. अंगणात शेंगदाणे टाकणे चालूच राहू द्यावे. फक्त शेंगदाणे उचलायला आलेल्या खारीकडे पाहणाऱ्या मुलाला, त्या कडुलिंबापासून काही कोसांवर असलेल्या शेताची आणि तेथील तारेचीही गोष्ट सांगितली जावी.