काटा एक, पोती दोघांची

हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा हंगाम कितीही जोरात असो, एका काट्यावर दोन शेतकऱ्यांची पोती एकदम कुणी चढवत नाही. चढवली तरी काटा बंद पडणार नाही, आकडा दाखवेलच. फक्त तो आकडा दोघांपैकी कुणाचाच नसेल. हे कळायला डिग्री लागत नाही. डिग्री घेतलेले आपण मात्र सर्व्हरवर हेच करतो आणि वर सांगतो, 'टेन्शन नको, लायब्ररी थ्रेड-सेफ आहे.'

कशापासून सेफ? जावातला सायफर ऑब्जेक्ट घ्या. त्याच्या पोटात अर्धवट कामाची स्थिती असते: किल्ली कोणती, किती मजकूर आत आला, कुठवर पोचलो. दरवेळी नवा बनवायला वेळ लागतो म्हणून कुणीतरी तो स्टॅटिक करून ठेवतो. गर्दीत दोन थ्रेड एकदम घुसले की एकाचा मजकूर दुसऱ्यात मिसळतो. हे एकवेळ परवडलं, कारण बहुतेकदा डिक्रिप्ट करताना एरर येते, आरडाओरडा होतो, चूक सापडते.

माझं भांडण न ओरडणाऱ्या चुकीशी आहे.

एईएस-जीसीएम वापरताना प्रत्येक मेसेजला एक नॉन्स लागतो, बहुधा 12 बाइटचा. पावतीपुस्तकातल्या नंबरासारखा: एका किल्लीसोबत एकदा वापरला की संपला. पुष्कळ जण त्यासाठी काउंटर ठेवतात. 'काउंटर++' दिसायला एक ओळ, पण आत कामं तीन: वाचा, वाढवा, लिहा. दोन थ्रेडनी एकाच क्षणी 41 वाचलं तर दोघंही 42 घेऊन जातात. दोन्ही मेसेज नीट एनक्रिप्ट होतात, नीट डिक्रिप्ट होतात, टेस्ट हिरव्यागार. पण ते दोन सायफरटेक्स्ट ज्याच्या हाती लागले, तो त्यांचा एक्सऑर काढून किल्लीचा प्रवाहच खोडून टाकतो. एकातला मजकूर माहीत असेल तर दुसरा वाचता येतो, आणि आपले अर्ज तर नाव-गाव सोडून एकसारखेच असतात. शिवाय मेसेज तपासण्याची गुप्त किल्लीही उघडी पडू शकते. मग खोटा मेसेज खरा म्हणून खपतो.

जावाच्या सायफरला हे थोडं कळतं. त्याच किल्लीने, तोच नॉन्स लगेच पुन्हा दिला तर तो एनक्रिप्ट करायला नकार देतो. पण पहिल्या चुकीवरचा उपाय काय सांगतात? 'प्रत्येक थ्रेडला वेगळा ऑब्जेक्ट द्या.' दिला. आता प्रत्येक ऑब्जेक्टला फक्त स्वतःचाच नॉन्स आठवतो, शेजाऱ्याचा नाही. पहारेकरी होता तोही गेला.

यावर ठरलेलं उत्तर येतं: डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, वाचलं का? मला हे उत्तर पटत नाही. ऑगस्ट 2016 मध्ये ओपनएसएसएल 1.1.0 येईपर्यंत, अनेक थ्रेड वापरायचे तर लॉकिंगचे कॉलबॅक अॅप्लिकेशननेच लिहून द्यायचे असा दंडक होता. विसरलात तर प्रोग्रॅम चालायचा, आणि कधीतरी भलत्याच वेळी कोसळायचा. 1.1.0 मध्ये लायब्ररीने ते काम स्वतःकडे घेतलं. म्हणजे करता येत होतं! तोवर किती जणांनी दुसऱ्याच्या कामाचा भार वाहिला?

प्रत्येक ऑब्जेक्टला लॉक लावा असं मी म्हणत नाही. त्याचा भुर्दंड सगळ्यांना पडेल, आणि ओपनएसएसएलमध्ये आजही एक सायफर कॉन्टेक्स्ट दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरायचा नसतो, ते रास्तच आहे. पण नॉन्स वापरणाऱ्याच्या हातात का द्यायचा? गूगलची टिंक तो स्वतः बनवते, आणि तिच्या एनक्रिप्शनच्या ऑब्जेक्टमध्ये स्थितीच नसते, त्यामुळे तो कितीही थ्रेडनी वाटून घ्यावा.

कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या ऑनलाइन सेंटरवर पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला रांगेत उभा असलेला माणूस आधार, पासबुक, सातबारा काउंटरवर ठेवतो. मोंढ्यातला काटा त्याला डोळ्यांनी दिसतो, शंका आली तर तो भांडतो. आपला काटा त्याला दिसत नाही. आणि नेमकी त्याच दिवशी सर्व्हरवर ती गर्दी होते, जी आपल्या लॅपटॉपवर एका युजरने टेस्ट करताना कधीच झालेली नसते.

तेव्हा पुढच्या कोड रिव्ह्यूत 'थ्रेड-सेफ आहे' असं कुणी म्हटलं, तर विचारा: नॉन्स कोण देतं? 'आपणच' असं उत्तर आलं तर 64 थ्रेड सोडा, निघालेले सगळे नॉन्स एका सेटमध्ये टाका आणि मोजा.