पिण्याचं पाणी हा उपकार नव्हे

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आपल्या सोलापूर जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. दुष्काळात माणसं अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा पंतांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं लोकांना खुली केली. गोष्ट मोठीच आहे. पण ज्या गावचा कारभारी दामाजी नव्हता, तिथल्या लोकांनी काय खायचं? कारभारी दयाळू असला तर मिळतं, त्याला उपकार म्हणतात. कारभारी कसाही असो, मिळालंच पाहिजे, त्याला हक्क म्हणतात.

शेतकरी बंधूंनो, हा फरक पिण्याच्या पाण्याला लावून बघा. उन्हाळा आला की टंचाईच्या गावचा सरपंच तहसीलला खेटे घालतो. टँकर मंजूर झाला की तो कुणी आणला यावरून गावात श्रेयाची ओढाताण सुरू होते. म्हणजे पाण्यालाही आपण अजून उपकारच समजतो.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी आलं, पण पिण्याच्या पाण्याचं नाव कुठं आलं नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितलं, की घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात स्वच्छ पाणी येतं. संयुक्त राष्ट्रांनी २८ जुलै २०१० रोजी पाण्याचा हक्क ठरावाने मान्य केला. भारताने ठरावाच्या बाजूने मत दिलं.

मात्र कागदावर हक्क आला म्हणून हंडा भरत नाही. महाडचं चवदार तळं आठवा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करून ते पाणी प्यावं लागलं, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. सरकारचा ठराव होता, पालिकेचा ठराव होता. आडवी आली ती गावातलीच माणसं.

आता आपल्या शिवारात या. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. सुमारे ११७ टीएमसीचं हे धरण जिल्ह्यात असूनही सांगोला, मंगळवेढ्याकडच्या वाड्यांनी टँकरची वाट पाहिलेली आहे. सरकारचा दोष आहेच, तो झाकायचं कारण नाही. पण गावच्या विहिरीला लागून पाचशे-सातशे फूट बोअर कोण मारतो? आपणच. त्या बोअरवर ऊस पिकतो आणि गावची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते.

हिशेब करा. पाटपाण्यावरच्या एक एकर उसाला वर्षाला साधारण ८० लाख लिटर पाणी लागतं. जल जीवन मिशनने २०१९ साली माणशी रोज ५५ लिटरचं माप ठरवलं. त्या मापाने ४०० माणसांच्या वाडीला वर्षभर लागतं तेवढंच, ८० लाख लिटर! एक एकर ऊस की एक वाडी, असा हा सवाल आहे.

ऊस लावणाऱ्याला चोर ठरवायचं नाही. ज्वारी-कांद्याच्या भावाचा भरवसा नाही, उसाचे पैसे मिळतील अशी निदान आशा असते. ठिबकवर पाणी बरंच वाचतं, ते जरूर करावं. पण "माझी जमीन, माझं पाणी" हे पिण्याच्या पाण्यापुढे चालायचं नाही. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी केली. त्याच्या जागी २००९ चा भूजल कायदा आला. तो २०१४ पासून लागू झाला आणि उद्भवाचं संरक्षण त्यातही आहे. बोअरची गाडी रात्री गावात शिरते तेव्हा हा कायदा कुठं असतो, ते तलाठी भाऊसाहेबांनी आणि ग्रामपंचायतीने सांगावं.

हक्क सरकारकडे मागायचा आणि शेजाऱ्याचा आपण बुडवायचा, हे दोन्ही जमणार नाही. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. पिण्याच्या विहिरीभोवती ५०० मीटरची हद्द मोजा, त्यातल्या विहिरी-बोअरची यादी चावडीवर लावा. टंचाईत कुणाची विहीर अधिग्रहित झाली तर त्याचा मोबदला वेळेवर मिळेल, हेही पंचायतीने पाहावं. पाणी पाजणारा तोट्यात जाऊ नये. आणि हे काम पाऊस पडून विहिरी भरलेल्या असतानाच करा. विहीर आटल्यावर फक्त भांडण होतं.