राजीनामा माणसाचा, खुर्चीचं काय?

परवा वस्तीतल्या वाचनालयात श्रीलंकेवरनं वाद पेटला. एक शिकलेला दोस्त म्हणाला, "मोर्चे काढून राष्ट्राध्यक्षाचा राजीनामा मागायचा म्हंजे अराजक. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी काय बजावलं होतं, वाचा जरा." दुसरा उसळला, "अरे, लोकांनी राष्ट्राध्यक्ष पळवून लावला! क्रांती म्हणतात ती ह्यालाच!" मला दोघांचंही पटलं नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी पहिल्याचा हिशेब.

15 मार्च 2022. कोलंबोत समगी जन बलवेगय या विरोधी पक्षाचा मोर्चा राष्ट्राध्यक्षाच्या कचेरीवर धडकला. हजारो माणसं. पुढे साजित प्रेमदास. मागणी एकच, गोटाबाया राजपक्षे, पायउतार व्हा. हातात शस्त्र नव्हतं. घरात गॅस नव्हता, डिझेलला रांगा, पोरांच्या दुधाच्या पावडरीला रांगा, रात्री वीज गायब.

अराजक कुणी आणलं? 2019 च्या अखेरीस करकपात करून तिजोरी कुणी खरवडली? 2021 मध्ये रासायनिक खतावर एका फटक्यात बंदी घालून भातशेतीची नि चहाची माती कुणी केली? एप्रिल 2022 मध्ये परदेशी कर्ज फेडणं थांबवतोय म्हणून जगापुढे हात वर कुणी केले? रस्त्यावरच्या बाईनं? अराजक कचेरीतनं खाली उतरलं होतं भाऊ, रस्त्यावरनं वर चढलं नव्हतं.

आणि बाबासाहेबांचं नाव घेताय तर पुरतं घ्या. घटनेच्या वाटा खुल्या असताना दुसऱ्या वाटा नकोत, असं त्यांचं म्हणणं. पण शांततेनं, बिनहत्यारी जमायचा हक्क आपल्या घटनेच्या 19 व्या कलमातच आहे ना? तो हक्क बजावणं ही घटनेचीच वाट. लंकेच्या घटनेतही हा हक्क आहे. तिथं राष्ट्राध्यक्षाला काढायचं तर संसदेत दोन तृतीयांश मतं लागतात, आणि तेव्हा संसदेत बहुमत राजपक्षेंचं. एक भाऊ राष्ट्राध्यक्ष, एक पंतप्रधान, एक अर्थमंत्री. घरच्यांनी घरातल्याला काढायचं! मग लोकांनी रस्त्यावर येऊन सभ्यपणे "जा" म्हणायचं नाही तर काय करायचं? घरात बसून उपाशी मरायचं?

राजीनाम्याची लाज कसली? 1951 च्या सप्टेंबरात हिंदू कोड बिलाची वाट लागलेली बघून बाबासाहेबांनी मंत्रिपद फेकलं. मोर्चा यायची वाट बघितली नाही. ज्याला तत्त्व असतं तो स्वतःहून देतो. ज्याला नसतं त्याच्याकडनं मागून घ्यावा लागतो.

आता दुसऱ्या दोस्ताकडे वळतो.

गोटाबाया गेला, खरंय. 9 जुलैला लोक त्याच्या वाड्यात घुसले, 13 ला तो मालदीवला पळाला, 14 ला सिंगापुरातनं राजीनामा धाडला. 2019 मध्ये 69 लाख मतं घेऊन आलेला गडी पावणेतीन वर्षांत गेला. पण खुर्ची? 20 जुलैला तिच्यावर संसदेनं 134 मतांनी रनिल विक्रमसिंघेला बसवलं. त्याच्या पक्षाची संसदेत जागा किती? एक! आणि 22 जुलैच्या पहाटे त्याच खुर्चीच्या लष्करानं गॉल फेसवरचे तंबू उखडले.

ही खुर्ची 1978 साली जयवर्धनेनं घटनेत ठोकून ठेवली. 1994 पासून विरोधात असलेला जो तो म्हणतो, ही मोडून टाकू. निवडून आला की तिच्यावर बसतो आणि मोडायचं विसरतो.

आपल्याला झोंबणारी गोष्ट पुढंच आहे. मोर्च्यापुढं चालणाऱ्या साजितचा बाप, रणसिंघे प्रेमदास, 1989 ते 1993 ह्याच खुर्चीवर होता. सिंहलींतल्या गोयिगामा ह्या वरच्या जातीचा नव्हता. गरीब वस्तीतनं वर आलेला. आपल्यासारख्यांना वाटावं, झालं, आपला माणूस बसला! आणि त्याच्याच काळात जेव्हीपीचं बंड चिरडताना हजारो खेड्यातली पोरं मारली गेली, गायब झाली. तीही गरिबाचीच पोरं. माणूस खालचा होता, खुर्ची वरचीच राहिली. "आपला माणूस बसवा" एवढ्यावरच ज्यांचं राजकारण संपतं, त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

आता त्या मोर्च्यात शेवटच्या रांगेत कोण होतं ते शोधू.

चहाच्या मळ्यातली बाई. इंग्रजानं तमिळ मुलखातनं नेलेली, बहुतेक पळ्ळर, पारैयर, चक्किलियर. म्हंजे आपलेच जातवाले. कंगाणी त्यांना कर्जात बांधून नेई, आपल्याकडं मुकादम ऊसतोड्याला उचल देऊन बांधतो तसं. स्वातंत्र्य मिळालं 1948 ला, आणि त्याच साली नव्या सरकारनं कायदा करून लाखो मळेवाल्यांना नागरिकत्व नाकारलं. पाठोपाठ मत गेलं. 1964 साली शास्त्री आणि सिरिमावो बसले आणि माणसांची वाटणी केली, 5 लाख 25 हजार तुमचे, 3 लाख आमचे, दीड लाखाचं पुढं बघू. ढोरं वाटतात तशी! त्यांना कुणी विचारलं? उरल्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न मिटायला 2003 उजाडलं.

ज्या बाईला इतकी वर्षं मतच नव्हतं, तिनं कुणाचा राजीनामा मागायचा? दिवसाला 1000 रुपये मजुरी मिळावी म्हणून ती वर्षानुवर्षं भांडली. 2021 च्या मार्चात मिळाली, आणि वर्षभरात रुपया कोसळला. 2022 च्या सप्टेंबरात महागाई 70 टक्क्यांच्या घरात. तिची भाकर गव्हाच्या पिठाची, पीठच हातचं गेलं. शहराला उपास घडला तो 2022 मध्ये. लाईनीतल्या खोलीतला उपास त्याच्या कितीतरी आधीचा. पण त्या उपासावर कोलंबोत असा मोर्चा निघाला नाही.

1950 साली बाबासाहेब कँडीला गेले होते, बौद्धांच्या परिषदेला. त्या देशाच्या घटनेत आज बुद्धधम्माला अग्रस्थान आहे. आणि मळेवालीला? लाईन. धम्म कागदावर पुढं आणि माणूस मागं, हा धम्म नव्हे.

एक गोष्ट मात्र छातीवर हात ठेवून सांगतो. 18 मे 2022 ला त्याच गॉल फेसवर, 2009 च्या युद्धात मेलेल्या तमिळांच्या आठवणीची कांजी वाटली गेली, आणि ती प्यायला सिंहली पोरंही आली. युद्धाच्या वेळचा संरक्षण सचिव कोण? हाच गोटाबाया. त्या दिवशी राजीनाम्याच्या मागणीला पहिल्यांदा खोली आली. तेवढा एक घोट मोर्च्यापेक्षा मोठा होता.

म्हणून दोस्तांनो, मोर्च्याला हसू नका आणि मोर्च्यानं हुरळूनही जाऊ नका. जा. राजीनामा मागा, दगड न उचलता, मान खाली न घालता. पण घोषणा द्यायच्या आधी एकदा मागं वळून बघा. शेवटच्या रांगेत कोण आहे? तिची मागणी फलकावर आहे का? नसेल तर फलक खाली ठेवा आणि आधी ती लिहा.

नाहीतर माणूस जाईल. खुर्ची वाट बघत बसलीय.

जय भीम.