थांबायचे कुठे, हे कोण ठरवणार?

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला आणि जुन्या दत्तापूरच्या शेजारी, स्टेशनच्या आधाराने, धामणगावची कापसाची पेठ उभी राहिली. ‘धामणगाव रेल्वे’ या गावाच्या नावातच रेल्वे आहे. त्या रेल्वेच्या हद्दीत गाडीने कुठे थांबायचे, हे आजवर कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. गाडीचा वेग, ब्रेक लावल्यापासून ती उभी राहीपर्यंत जाणारे अंतर आणि लोको पायलटला सिग्नल किती लांबून दिसेल, एवढे बघूनच सिग्नलचा खांब रोवला जातो. थांबण्याच्या सिग्नलआधी सावध करणारा डिस्टंट सिग्नल असतो. फाटकाच्या ६०० मीटर अलीकडे शिटी वाजवण्याची पाटी असते. लाल सिग्नल ओलांडला गेला तर चौकशी होते, मग अपघात झालेला असो वा नसो.

स्टेशनच्या आवारातून बाहेर पाऊल टाकले की हे सगळे संपते. यवतमाळकडे जाणारी एसटी, बाजार समितीकडे निघालेली कापसाची ट्रॉली, गल्लीतून एकदम बाहेर येणारी मोटरसायकल आणि शाळा सुटल्यावर सायकलींचा लोंढा, यांपैकी आधी कोणी जायचे आणि कोणी थांबायचे? आज याचे उत्तर वाहनाच्या आकारावर आणि चालवणाऱ्याच्या धाडसावर ठरते. ही स्थिती एकट्या धामणगावची नाही. चांदूर रेल्वे, मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट, वऱ्हाडातले कोणतेही तालुक्याचे गाव घ्या, लाल अष्टकोनी ‘थांबा’ फलक आणि त्याच्या पायाशी पांढरी थांबरेषा, ही जोडी तिथे विरळाच दिसते.

कायद्याने मात्र हा फलक अतिशय गंभीरपणे घेतला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेली दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. तिने कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवणे म्हणजे काय, हे नावे घेऊन सांगितले. लाल दिवा तोडणे, हातात मोबाइल धरून गाडी हाकणे, उलट्या दिशेने जाणे आणि थांबा फलक न जुमानणे, हे सारे तिथे एका रांगेत आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ज्या फलकापाशी न थांबल्याबद्दल नागरिकाला तुरुंगात धाडण्याची तरतूद आहे, तो फलक कुठे लावायचा याचा निर्णय तितक्याच काळजीने झाला पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच आहे. काळजीने म्हणजे मोजून, कारण लिहून आणि ते कारण गावाला दाखवून.

नियम उपलब्ध आहेत. रस्त्यावरच्या फलकांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ६७ ही संहिता आहे. तिची २०१२ ची आवृत्ती अनेक वर्षे वापरात होती आणि २०२२ मध्ये ती सुधारली गेली. तिचे सूत्र साधे आहे. थांबा फलक येतो दुय्यम रस्त्यावर, जिथून वाहन मुख्य रस्त्यात शिरते. वाहनाने थांबरेषेशी पूर्ण उभे राहायचे, मुख्य रस्त्यावरच्या रहदारीला धोका नाही याची खात्री करायची आणि मगच पुढे सरकायचे. फलक डाव्या बाजूला, थांबरेषेच्या जवळ हवा. पन्नास पावले आधी लावलेला किंवा चौक ओलांडल्यावर दिसणारा फलक चालकाला उपयोगी पडत नाही. दुय्यम वाहनाने फक्त वेग कमी करून वाट द्यावी एवढेच पुरेसे असेल, तर तिथे उलट्या त्रिकोणाचा ‘रस्ता द्या’ फलक असतो.

म्हणजे पहिला प्रश्न फलकाचा नाहीच. या दोन रस्त्यांपैकी मुख्य कोणता, हा पहिला प्रश्न आहे. रहदारीचा नियम सांगतो की मुख्य म्हणून ठरवलेल्या रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यावे, आणि तसे काही ठरलेले नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला. ही उजव्या हाताची गोष्ट परवाना काढताना एकदा पाठ होते आणि नंतर विसरली जाते. धामणगावच्या हद्दीतले कोणते रस्ते मुख्य आणि कोणते त्यांना मिळणारे, याची यादी नगर परिषदेने ठराव करून प्रसिद्ध करायला हवी. ती नसेल तर थांबा फलकाच्या प्रत्येक मागणीवर वाद होणार आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या दारासमोर खांब उभा राहणार.

दुसरा प्रश्न नजरेचा, आणि खरे काम इथेच आहे. मुख्य रस्त्यावर वाहने ताशी ५० किलोमीटरने धावत असतील तर ती सेकंदाला जवळपास १४ मीटर पुढे येतात. भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर उभ्या अवस्थेतून निघून रस्ता पार करायला आठ सेकंद घेतो असे धरा. प्रत्यक्षात तो अधिकही घेईल. म्हणजे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला दोन्ही बाजूंना ११० मीटरपर्यंतचा रस्ता मोकळा दिसायला हवा. गावातल्या तोंडांवर तेवढा दिसतो का? कोपऱ्यापर्यंत आलेली भिंत, दुकानाची पुढे आलेली ताडपत्री, कडेला उभा केलेला मालट्रक, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, पावसाळ्यानंतर वाढलेली बाभळीची फांदी, यांतले काही ना काही आडवे येतेच. मुख्य रस्त्यावरच्या चालकाचेही गणित पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोष्टकाप्रमाणे ताशी ५० च्या वेगात धोका दिसल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत ६० मीटर लागतात. ताशी ३० चा वेग असेल तर ३० मीटर पुरतात. गल्लीतून पोर अचानक सायकलसह पुढे आले आणि अंतर वीस मीटरच उरले, तर चालक कितीही सज्जन असला तरी त्याचा ब्रेक वेळेत लागत नाही.

म्हणून थांबा फलकाची जागा मोजपट्टीने ठरते. दुय्यम रस्त्याच्या तोंडाशी उभे राहायचे, चालकाच्या डोळ्याच्या उंचीवरून दोन्हीकडे किती दिसते ते मोजायचे, मुख्य रस्त्यावरचा खरा वेग नोंदवायचा. पुरेसे दिसत असेल तर त्रिकोण लावा. दिसत नसेल तर आधी आडकाठी काढा. भिंतीसारखी आडकाठी निघण्याजोगी नसेल, तर तिथे अष्टकोन लावा आणि रेषा आखा. एका कोपऱ्याला यापेक्षा मोठा अभ्यास लागत नाही. एक अभियंता, एक वाहतूक पोलीस आणि एक टेप यांचे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

मग जास्तीत जास्त कोपऱ्यांवर फलक लावून मोकळे का होऊ नये? कारण गरज नसलेला फलक गरजेच्या फलकाची किंमत घालवतो. ज्या तोंडावर दोन्हीकडे लांबवर सगळे स्वच्छ दिसते, तिथे रोज थांबायला लावले तर माणूस चौथ्या दिवशी थांबणे सोडतो, आणि सोडण्याची ती सवय घेऊन तो भिंतीआडच्या कोपऱ्यावरही जातो. थांबा फलक पहिल्यांदा वापरला गेला तो अमेरिकेत, डेट्रॉइट शहरात, १९१५ साली. तिथल्या राष्ट्रीय नियमावलीत आज स्पष्ट लिहिलेले आहे की वेग कमी करण्याचे साधन म्हणून हा फलक लावू नये, आणि चौकाच्या सगळ्या बाजूंना तो लावायचा तर अपघातांची आणि रहदारीची नोंद तपासावी. ब्रिटनमध्ये तर बहुतेक तोंडांवर ‘रस्ता द्या’चा त्रिकोणच असतो आणि थांबा फलक नजर अडणाऱ्या मोजक्या जागांसाठी राखून ठेवलेला आहे. शंभर वर्षांच्या अनुभवाने ही राष्ट्रे कमी फलकांच्या बाजूला आली, हे आपण फलक लावायला सुरुवात करतानाच ध्यानात घेतलेले बरे.

आपल्याकडे या अभ्यासाची जागा गतिरोधकाने घेतली आहे. अपघात होतो, माणूस जातो, लोक रस्त्यावर बसतात, संध्याकाळपर्यंत डांबराचा उंचवटा तयार होतो. लोकांचा तो संताप खरा असतो आणि त्याला उत्तर मिळायलाच हवे. पण तो उंचवटा बहुधा मुख्य रस्त्यावर पडतो, जिथे वाहन चालते राहायला हवे. आणि जिथून वाहन न बघता आत घुसले, ते गल्लीचे तोंड होते तसेच राहते. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचेही माप ठरवले आहे. ३.७ मीटर रुंदी, मध्यभागी १० सेंटिमीटर उंची आणि ४० मीटर आधी इशारा फलक, हे १९८८ सालीच लिहिले गेले. गावोगावचे कंबरडे मोडणारे उंचवटे या मापाच्या जवळपासही नसतात. रुग्णवाहिकेतल्या बाळंतिणीला, पाठदुखीच्या म्हाताऱ्याला आणि दुचाकीवर मागे बसलेल्या बाईला त्यांचा त्रास रोज होतो.

आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे, की फलक लावला तरी थांबणार कोण? कायद्याच्या कलम १३१ कडे पाहा. बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर चालकाने वाहन उभे करायचे, सोबतच्या माणसाने खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचे, दोन्हीकडे गाडी नाही हे पाहायचे आणि मग वाहन पार करून द्यायचे. सोबत कोणी नसेल तर चालकानेच उतरायचे, असा स्पष्ट नियम आहे. तरीही वर्षानुवर्षे त्या क्रॉसिंगवर माणसे मेली. शेवटी रेल्वेने ब्रॉडगेजवरची बिनफाटकाची क्रॉसिंगच २०१९ च्या जानेवारीपर्यंत संपवली. फाटके बसवली, भुयारी रस्ते काढले. नुसता लिहिलेला नियम पुरा पडत नाही, हे या उदाहरणातून आम्ही मान्य करतो. म्हणूनच फलकासोबत रेषा हवी, कोपऱ्याची नजर मोकळी हवी, रात्री हेडलाइटच्या उजेडात चमकणारा पत्रा हवा आणि पहिले काही महिने तिथे पोलीस हवा. त्याने आल्या दिवशी पावती फाडू नये. लोकांना थांबवून, का थांबायचे ते सांगावे. दत्तापूर पोलीस ठाण्याचे मनुष्यबळ मर्यादित आहे, म्हणून तर फलक मोजके हवेत. पाच-सात नेमक्या जागा राखता येतात, पन्नास येत नाहीत.

फलकावरची भाषाही विचारात घ्या. कलम ११६ प्रमाणे फलकाचा आकार, रंग आणि अर्थ कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने बांधलेला आहे, पण त्यावरचा मजकूर स्थानिक लिपीत जोडण्याची मुभा त्याच कलमात राज्य शासनाला दिलेली आहे. खेड्यातून कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला आणि बंडीवाल्याला कळेल असा देवनागरी फलक लावायला कायदा आड येत नाही. फलक झाकणारी जाहिरात हटवण्याचा अधिकार पोलिसांना देण्याची तरतूदही याच कलमात आहे. हा अधिकार वापरला गेला तर कित्येक कोपरे खर्चाविना मोकळे होतील. फ्लेक्स कोणत्या पक्षाचा आहे हे न बघता तो वापरला जावा.

सगळ्यात अवघड गाठ जबाबदारीची आहे. धामणगावातून जाणारा रस्ता कुठे सार्वजनिक बांधकाम विभागाचा, कुठे जिल्हा परिषदेचा, कुठे नगर परिषदेचा. गल्ली एकाची आणि ती ज्या रस्त्याला मिळते तो दुसऱ्याचा असेल, तर तोंडावरचा खांब कोणी रोवायचा यावर पत्रे फिरत राहतात. दुरुस्त कायद्याच्या कलम १९८अ ने रस्त्याची रचना आणि देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे न करणाऱ्या यंत्रणेला, ठेकेदाराला आणि सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. चालकाच्या चुकीचे कलम सगळ्यांना ठाऊक आहे, यंत्रणेच्या चुकीचे हे कलम फारसे कोणी काढत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ च्या आदेशात जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांवर भर दिला होता. अमरावतीच्या समितीच्या टेबलावर अशी हद्दीची भांडणे एका बैठकीत मिटली पाहिजेत, कारण तिन्ही खात्यांना एका खोलीत बसवता येते ते तिथेच.

देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रातली होती. समृद्धी महामार्ग धामणगाव, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतून गेला. त्यावर ताशी १२० चा वेग, कुंपण आणि मोठाले फलक आहेत. त्या वेगाला सरावलेली गाडी खाली उतरून याच तालुक्याच्या रस्त्यांवर येते, जिथे कोणी कोणाला वाट द्यायची हे लिहिलेले नाही. तालुक्यात रस्ता वेगवान झाला, तेव्हा त्याला मिळणाऱ्या वाटांची तोंडेही त्याच वर्षी मोजायला हवी होती.

ते काम आता व्हावे. कापूस आणि सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीचे रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरतात, अंधार लवकर पडतो आणि मागे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्याआधी नगर परिषदेने मुख्य रस्त्यांची यादी ठरावात घ्यावी. बांधकाम विभाग आणि पोलिसांसह शाळा, बाजार समिती, बसस्थानक आणि स्टेशन यांच्या आसपासची तोंडे मोजावीत. जिथे थांबा फलक मंजूर होईल तिथले आणि जिथे नाकारला जाईल तिथलेही कारण मापांसकट नगर परिषदेच्या सूचना फलकावर लावावे, म्हणजे आपल्या गल्लीला का मिळाला नाही हे विचारायला आलेल्या माणसाला आकडा दाखवता येईल. वर्षातून एकदा त्या जागा पुन्हा पाहाव्यात; झाड तोडले गेले, भिंत पडली, नवी शाळा सुरू झाली तर निर्णय बदलावा. आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात खांब, पत्रा आणि पांढऱ्या रंगासाठी वेगळी ओळ असावी, कारण थांबरेषा एका पावसाळ्यात पुसट होते आणि ती पुन्हा आखायचे पैसे आजवर कोणत्याच खात्याने स्वतंत्रपणे धरलेले आढळत नाहीत.